आज काय रांधलं?

रामटेकेबाई गाडीतून उतरल्या की त्यांचा पहिला प्रश्न कधीच आजाराचा नसायचा. समोर जी कोणी बाई दिसेल, ओळखीची असो वा नसो, तिला विचारायच्या, "काय व बाई, आज काय रांधलं?" कॅन्सरची तपासणी करायला आलेली गाडी, अंगावर ठळक अक्षरांत तसं लिहिलेलं, आणि ह्या उभ्या राहून अंबाडीच्या भाजीत लसूण आधी की मिरची आधी यावर वाद घालतायत! मला सुरुवातीला भयंकर राग यायचा. ऊन चढत असायचं, डॉक्टरीणबाई घड्याळ बघत असायच्या, आणि यांचं आपलं रांधणंच सुरू.

मी त्या गाडीचा ड्रायव्हर, मारोती. आधी गडचांदूरला चुनखडीच्या खाणीवर डंपर चालवायचो. धुळीनं खोकला लागला म्हणून हे काम धरलं. एका संस्थेची गाडी चंद्रपूर-गडचिरोलीत गावोगाव फिरायची. तोंडाचा, छातीचा आणि गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आहे का बघायचं, शंका आली तर पुढं पाठवायचं. तोंड सोडलं तर बाकी सगळं बायांचं. त्यामुळे गाडी लावली की माझं काम एकच, लांब जाऊन बसणं. पण रामटेकेबाईंचा आवाज असा की मी कितीही लांब बसलो तरी सगळं ऐकू यायचं. बाईंबद्दल मला जे ठाऊक आहे त्यातलं निम्मं असंच झाडाखाली बसून कळलेलं.

बाई सावली गावच्या. सगळं आयुष्य सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलं. रिटायर झाल्यावर घरात करमेना म्हणून या गाडीवर आल्या. ठेंगणा बांधा, पदर कमरेला खोचलेला, खांद्याला पिशवी आणि पिशवीत दोन जुनी लुगडी. ही लुगडी कशाला, असं मी एकदा विचारलं. "जिथी दार नसते तिथी दार लागते ना बावा," म्हणाल्या. तपासणीला आडोसा हवा, तो सगळीकडं मिळतो कुठं?

'काऊन', म्हणजे 'का', हा शब्द तर त्यांच्या जिभेवरच बसलेला. रस्त्यात एखादी बैलबंडी उलट्या बाजूनं जाताना दिसली तरी, "थांबव रे मारोती, हा असा काऊन चालला?" मी चरफडत ब्रेक मारायचो. एकदा एका म्हाताऱ्यानं उत्तर दिलं, "बैलाले तिकडची सावली आवडते जी." बाई त्या उत्तरावर मूल गाव येईपर्यंत खूश होत्या.

आणि माझं तोंड! मी खर्रा खायचो, म्हणजे सुपारी-तंबाखूचा घोटलेला तोबरा. चंद्रपूरचा माणूस अन् खर्रा खात नाही म्हटलं तर लोक आजारी आहेस का विचारतात. बाई दर सोमवारी गाडीत बसायच्या आधी म्हणायच्या, "उघड तोंड. तीन बोटं घाल." स्वतःची तीन बोटं उभी तोंडात गेली पाहिजेत. खर्ऱ्यानं जबडा आखडत जातो, मग दोनच जातात, मग एक. माझी अडीच जायची. त्या काही बोलायच्या नाहीत, नुसतं "हं" म्हणायच्या. ते "हं" मला दिवसभर टोचायचं.

आमच्या गाडीचं एक दुखणं होतं. काही गावांत बायांची रांग लागायची, काही गावांत कुत्रं फिरकायचं नाही. ज्यांच्या घरी टीव्ही, दारात मोटारसायकल, त्या यायच्या. ज्यांना खरी गरज, त्या नाही. संस्थेतले साहेब लोक म्हणायचे, त्या समाजात जागृती नाही, त्या बाया लाजतात. हे ऐकलं की रामटेकेबाईंचं डोकं फिरायचं. "'लाजते' हे काई उत्तर नाई," त्या म्हणायच्या. "कुठी लाजते, कोणाले लाजते, ते सांगा. मग बोलू."

गडचांदूरचंच बघा. खाणीच्या साहेबांच्या कॉलनीतल्या क्लबात शिबिर ठेवलं होतं. कॉलनीतल्या म्याडम लोक पाण्याच्या बाटल्या घेऊन आल्या. रस्त्यापलीकडं मजुरांची वस्ती, तिथून एक बाई नाही. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, आल्या होत्या काही जणी, आत डोकावून परत गेल्या. झालं! बाईंनी पिशवी उचलली आणि तरातरा रस्ता ओलांडून गेल्या. मी मागं, कारण रस्त्यावर ट्रकच ट्रक. एका दारात एक बाई भांडी घासत होती. काय रांधलं, मीठ किती घातलं, सगळं झाल्यावर बाईंनी विचारलं, "आली होतीस म्हणे, मंग परत काऊन गेली?"

तिनं हात धुतले आणि म्हणाली, "ज्या म्याडमचे आतले कपडे मी रोज धुतो, तिच्या बाजूले बसून मी माहे कपडे सोडू काय जी?"

रामटेकेबाई तिथंच उकिडव्या बसल्या. मग हसायला लागल्या, पण त्या हसण्यात राग होता. दुसऱ्या दिवशी त्याच वस्तीतल्या एका खोलीत लुगडी बांधली, खाट टाकली. बाया आल्या. भांडी घासणारी सगळ्यात आधी आली, आणि येताना आंबिलीचा गंज, भलं पातेलंच, घेऊन आली.

पण बाईंना सगळंच जमायचं, असं समजू नका. सावलीत, त्यांच्या स्वतःच्या मोहल्ल्यात, विहारातल्या झाडून सगळ्या बाया तपासणीला आल्या. बाईंना कोण अभिमान! म्हणाल्या, "आमच्या बाया वंदनेले एकत्र, भांडायले एकत्र, मंग तपासणीले एकट्या कशा राहतीन?" एकच आली नाही, ती म्हणजे बाईंची सख्खी जाऊ. बाईंनी समजावलं, रागावलं, जेवण सोडायची धमकी दिली. जाऊबाई आपल्या शांत. शेवटी एक दिवस गुपचूप एस.टी.नं चंद्रपूरला जाऊन अनोळखी नर्सकडून तपासून आल्या. "तुह्यासमोर जन्मभर डोक्यावर पदर घेतला," म्हणाल्या, "आता तुले बाकीचं दाखवू?" बाईंनी हे मला तीनदा सांगितलं, दर वेळी नव्यानं चकित होऊन. पिशवीतली ती दोन लुगडी या जाऊबाईंचीच.

आता भामरागडची गोष्ट सांगतो. खरं तर तीच सांगायला बसलो आहे.

भामरागडच्या पुढं, नदीपलीकडं माडिया लोकांचं एक गाव. नदीवर रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो आणि गाव जगापासून तुटतं. रपट्यावरून पलीकडं गेलं की दोन वाटा फुटतात. सरळ वाट गावात जाते. डावीकडची बारीक वाट जाते कुरमा घराकडं. कुरमा घर म्हणजे गावाबाहेरची लहानशी झोपडी. पाळी आलेल्या बाया तेवढे दिवस तिथं राहतात. घरात यायचं नाही, चुलीला शिवायचं नाही, गावातल्या वाटेवर पाय टाकायचा नाही.

पहिल्या वर्षी बाईंनी ती झोपडी पाहिली आणि त्यांचा पाराच चढला. बाई दीक्षा घेतलेल्या घरातल्या. बाहेर बसवणं, लांबून पाणी वाढणं, हे त्यांनी आजीच्या तोंडून ऐकलेलं. गावच्या गायत्याला, म्हणजे तिथल्या पुजाऱ्याला, त्यांनी भर चौकात सुनावलं. "माणसाले बाहेर काढणं काय असते ते मले कोणी शिकवू नका. पाडा ही झोपडी!" गायता ऐकून घेऊन निघून गेला. आणि शिबिराला? पुरुष आले, तोंडं दाखवली, बी.पी.च्या गोळ्या आहेत का विचारलं. बाई एकही आली नाही. गावची आशा कार्यकर्ती सुनीता, तिथलीच सून, खाली मान घालून उभी होती.  परतीच्या वाटेवर आल्लापल्ली आल्यावर बाई म्हणाल्या, "मी विचारलंच नाई रे. एकदाही काऊन म्हटलं नाई. नुसती बोललो."

दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा गेलो. शिबिर शाळेत, म्हणजे गावाच्या मधोमध. मी गाडी रपट्यापाशी सावलीत लावली. बाई सुनीताला घेऊन शाळेकडं न जाता डावीकडच्या वाटेला वळल्या. कुरमा घराबाहेर तीन बाया बसलेल्या मला गाडीतून दिसत होत्या. दोन तरण्या आणि एक पार म्हातारी. बाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि म्हातारीला विचारलं, "काय व माय, आज काय रांधलं?"

सुनीतानं तेच माडियातून विचारलं; त्या दोघींचं बोलणं मला बाईंनी नंतर सांगितलं. म्हातारी म्हणाली, "हिल्ले." नाही.

"ते इथं रांधत नाही बाई," सुनीता म्हणाली. "घरून आणून देतात. कुरम्यात आहे ते."

"हे इथी सोबतीले आली असन ना?"

"नाई. तिलेच लागली आहे." सुनीता जरा हसली. "माझी सासू आहे. मैनी. पाळी जाऊन खूप वर्षं झाली होती, आता परत सुरू झाली. धान कापलं तेव्हापासून. आता तर सारखीच इथं असते. माझा सासरा चिडवते तिला, म्हणते म्हातारी पुन्हा जवान झाली, दुसरा नवरा पाहीन."

तरण्या बाया खिदळल्या. मैनीही हसली. रामटेकेबाई हसल्या नाहीत. मला इतक्या लांबून त्यांची पाठ तेवढी दिसत होती, पण ती ताठ झालेली मी बघितली.

"सुनीता, पाळी गेल्यावर रक्त जाते काय, असं आपण घरोघरी विचारलं होतं ना?"

"हाव."

"मंग तू हे सांगितलं काऊन नाई?"

सुनीता गोंधळून गेली. "तुम्ही आजार विचारला बाई. हे आजार कुठं, हे तर कुरमा आहे."

अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पोरासोरांना ठाऊक होतं. ज्या एका प्रश्नासाठी आम्ही डिझेल जाळत फिरत होतो, त्याचं उत्तर गावाबाहेर उघड्यावर बसलेलं होतं आणि त्यावर विनोद होत होते. आणि शिबिर गावाच्या मधोमध, म्हणजे जिचं रक्त जातंय तिलाच तिथं यायची बंदी! 

डॉक्टरीणबाईंना शाळेतून बोलावलं. झोपडीच्या दाराला जाऊबाईंची लुगडी बांधली. तपासून बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई हळू बोलल्या, पण रामटेकेबाईंना हळू बोलता येत नाही, म्हणून मला कळलं. गाठ होती. तुकडा काढून तपासायला हवा, आणि पाऊस लागायच्या आत नागपूरला न्यायला हवं. नेलं तर आशा होती. रपटा बुडाला तर दिवाळीपर्यंत काही नाही, आणि तेवढा वेळ तिच्याकडं नव्हता.

बाईंनी तिला विचारलं, "तुले इथी राहाचा राग नाई येत?" मैनीनं विचार करून उत्तर दिलं. सुनीता सांगत होती, "ते म्हणते, आधी बरं वाटे. धान कांडा म्हणून कोणी सांगत नाही, पाणी आणा म्हणत नाही. पण आता लय झालं. चुलीची आठवण येते." बाईंनी मान डोलावली. झोपडी पाडा, असं काही त्या या वेळी म्हणाल्या नाहीत.

मैनी गाडीत बसायला मात्र तयार होईना. झाला पुन्हा 'काऊन'! भीती ऑपरेशनची नव्हती की सुईची नव्हती. तिला काळजी माझी होती. कुरम्यातली बाई ज्या गाडीत बसेल ती गाडी हाकणाऱ्या पुरुषाला वाटेत काही झालं तर? बाईंनी रपट्यापर्यंत ऐकू जाईल असं मला ओरडून विचारलं, "मारोती, तुले काई होईन काय रे?" मी ओरडून सांगितलं, "खर्ऱ्यानं होईन तेवढंच!" तरी म्हातारी ऐकेना. शेवटी ठरलं की समोरच्या सीटच्या मागं लुगडं बांधायचं, मागचा भाग तिचं कुरमा घर, आणि मी परत आल्यावर डोक्यावरून आंघोळ करायची. मी कबूल केलं. डॉक्टरीणबाईंनी अन् रामटेकेबाईंनीही नदीवर डोक्यावरून पाणी घेतलं आणि मगच गावात जाऊन बाकीच्या बायांना बोलावलं. त्या दिवशी बाया आल्या. मैनीला गाडीत बसायचं आहे ही बातमी पसरली होती.

निघताना मैनीचा नवरा लालसू रपट्यापाशी आला. लांबच उभा राहिला. म्हणाला, "तिकडं मेली तर?" गायताही होता सोबत. तो म्हणाला, "परत आली नाही, तर या गावची बाई तुमच्या गाडीत पुन्हा बसणार नाही. शेजारच्या गावचीही नाही."

रामटेकेबाई म्हणाल्या, "जिवंत आणून देतो."

मी हादरलो. इतक्या वर्षांची नर्स असं बोलते? गाडी सुरू झाल्यावर मी हळूच म्हटलं, "बाई, असं वचन देते काय कोणी?"

"गाडी चालव." बऱ्याच वेळानं, लुगड्यापलीकडून झोपेचा श्वास यायला लागल्यावर म्हणाल्या, "सुटून गेलं रे तोंडातून. आता काय करू?"

नागपूरला तुकडा तपासला, कॅन्सरच निघाला. रेडिएशनचे सेक सुरू झाले. पाऊस लागला, रपटा बुडाला, गावाला काहीच कळेना. सुनीता सासूजवळ राहिली. बाई जमेल तेव्हा नागपूर गाठायच्या. एकदा मीही सोबत होतो. बघतो तर मैनी वॉर्डात नाही, बाहेर व्हरांड्यात फरशीवर बसलेली. तिथली सिस्टर वैतागून म्हणाली, "खाटेवर बसतच नाही हो. जंगली आहेत हे लोक, काही समजत नाही."

रामटेकेबाईंनी तिच्याकडं असं बघितलं की मीच दोन पावलं मागं सरलो. पण भांडल्या नाहीत. मैनीजवळ खाली बसल्या. काऊन विचारलं. वॉर्डात जेवण वाढणारे पुरुष, झाडणारे पुरुष, बाकीच्या बायांचे नवरे येऊन खाटेला टेकणारे. आणि तिचं रक्त अजून पूर्ण थांबलेलं नव्हतं. ती आपला धर्म पाळत होती, जिथं झोपडी नाही तिथं बाहेर बसून. बाईंनी कोपऱ्यातली खाट मागून घेतली, तिच्याभोवती लुगडी बांधली. म्हणाल्या, "हे तुहं घर. इथी कोणी येणार नाई." मैनी आत गेली आणि पाय पसरून झोपली. मग बाईंनी त्या सिस्टरला बाजूला नेऊन विचारलं, "तू आज काय रांधलं व?" ती बिचारी आधी बावचळली, मग सांगायला लागली. पुढच्या खेपेला लुगडी तशीच होती. धुऊन पुन्हा बांधलेली दिसत होती.

पाऊस सरला. रपटा वर आला. डॉक्टर म्हणाले, रक्त थांबलंय, घरी न्या, तपासायला येत राहा, आत्ता तरी ठीक आहे. बाईंनी ते "आत्ता तरी" दोनदा विचारून घेतलं.

आम्ही मैनीला घेऊन गेलो. गावाला कुठून कळलं देव जाणे, रपट्यापलीकडं सगळे उभे. लालसू, गायता, बाया, पोरं.  मैनी खूप वाळली होती, लुगडं तिच्यावर टांगल्यासारखं दिसत होतं. सुनीताचा हात धरून ती उतरली. रपटा ओलांडून दोन वाटा फुटतात तिथं पोचली आणि थांबली. मी गाडीपाशी, बाई माझ्या शेजारी. बाईंनी माझं मनगट धरलं होतं, त्यांना कळतही नव्हतं.

मैनी नदीत उतरली. बाया पुढं झाल्या, त्यांनी तिला डोक्यावरून पाणी घातलं. बराच वेळ घालत होत्या. मग ती ओल्या अंगानं वर आली, डावीकडच्या वाटेकडं एकदा बघितलं आणि सरळ वाटेनं गावात चालायला लागली.

बाईंनी माझं मनगट सोडलं. डोळ्यांना पदर लावला, आणि मला म्हणाल्या, "काय पाहतं? धूळ गेली." नदीवर कसली आली धूळ!

चार पावलं जाऊन मैनी वळली. बाईंकडं बघून काहीतरी मोठ्यानं बोलली. सुनीता हसत ओरडली, "बाई, ते विचारते, तुम्ही जेवाल काय? ते स्वतः रांधते म्हणते!"

बाई जेवायला गेल्या. मी गाडीपाशी राहिलो, माझी जागा तीच. मैनीच्या घरावरून धूर निघताना मला दिसला. उन्हं कलल्यावर बाई सरळ वाटेनं परत आल्या, हातात पळसाच्या पानांचा द्रोण. भात होता, सोबत कसलीशी शेंगांची भाजी. मला वाटलं आता लसूण-मिरचीचं पुराण निघणार.  पण त्यांनी नुसता द्रोण पुढं केला. मी हात लांब केला तसा त्यांनी मागं घेतला.

"आधी तोंड उघड," म्हणाल्या. "तीन बोटं."

मी घातली. अडीचच गेली.

"हं," म्हणाल्या. पण या वेळी तिथंच उभ्या राहिल्या, उत्तराची वाट बघत. मी खिशातली खर्ऱ्याची पुडी काढली आणि नदीत टाकली. मग त्यांनी द्रोण माझ्या हातात दिला.

त्या हिवाळ्यात बाईंचे गुडघे धरले आणि त्या गाडीवरून उतरल्या, मुलाकडं पुण्याला गेल्या. त्यानंतर आमची भेट नाही. मी अजून तीच गाडी चालवतो. दर सोमवारी निघताना आरशात बघून तीन बोटं घालतो. आणि गावात गाडी लावली की, बायको ऐकेल तर हसेल, समोरच्या पहिल्या बाईला विचारतो, "काय व माय, आज काय रांधलं?"